मेमरीचा जाहीर सत्कार

आमच्या पाणीवापर संस्थेत बिघाड झाला तरी न थांबता चालू राहतील अशा दोनच गोष्टी आहेत. एक सर्व्हर आणि दुसरे चेअरमन कोंडिबा आण्णा. फरक एवढाच, की सर्व्हर आपला बिघाड नोंदवून ठेवतो.

मी संस्थेचा ऑपरेटर. नाव सम्राट. राज्य दहा बाय दहाचं, त्यातलं निम्मं युरियाच्या गोण्यांनी बळकावलेलं. वेल्ह्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं ऑफिस आहे. धरणाचं पाणी जमिनीखालच्या बंद पायपातून येतं आणि एक्केचाळीस शेतांत वर निघतं. प्रत्येक शेतात एक व्हॉल्व्ह. तो कधी उघडायचा आणि कधी मिटायचा हे सर्व्हर सांगतो. दहा-अकरा दिवसांनी प्रत्येकाची पाळी येते, तीन तासांची. पूर्वी हे काम पाटकरी करायचा आणि त्याला चहा पाजला की पाणी जरा जास्त वेळ वाहायचं. सर्व्हर चहा पीत नाही यावर गावाचा पटकन विश्वास बसला नाही. पहिल्या महिन्यात दोघांनी त्याच्यापुढं कप ठेवून पाहिला. मी प्यालो. पाणी जास्त वेळ वाहिलं नाही. दोघंही माझ्याशी बोलत नाहीत.

एक ते वीस नंबरचे व्हॉल्व्ह वरच्या वाडीचे. तिथले पुढारी कोंडिबा आण्णा. एकवीस ते चाळीस खालच्या वाडीचे. तिथले पुढारी व्हाइस चेअरमन धनाजीराव. एक्केचाळिसावा व्हॉल्व्ह रतनबाईंचा. मी त्यांना काकी म्हणतो. काकींची जुनी जमीन धरणात गेली आणि बदल्यात पायपाच्या पार शेवटाला तुकडा मिळाला. म्हणजे पाणी ज्या जमिनीवर साठलंय ती त्यांची, आणि त्याच पाण्यासाठी रांगेत शेवटचा नंबरही त्यांचाच. दोन्ही वाड्या त्यांना आपल्यातलं मानत नाहीत. संस्थेच्या निवडणुकीच्या दिवशी मात्र दोन्हीकडून जीप येते.

सर्व्हर बसवायला पुण्याच्या कंपनीतून अश्विनी मॅडम आल्या होत्या. त्यांनी आत चार रॅम बसवल्या, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, बोटभर लांब आणि सोळा-सोळा जीबीच्या. मग कमिटीला समोर बसवून समजावून सांगितलं.

"यातल्या दोन काम करतील. उरलेल्या दोन त्यांची हुबेहूब नक्कल ठेवतील. कामातली एखादी बिघडली तर तिची नक्कल त्याच क्षणी पुढचं काम उचलते. शेतातल्या माणसाला कळतसुद्धा नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडं मान डोलावणं म्हणजे चहा कधी येणार असं विचारणं.

पुढं वार्षिक तपासणीत आण्णांनी चष्मा लावला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"आपण आणली किती?"

"चौसष्ट जीबी, आण्णा."

"हितं बत्तीस दिसतंय. बत्तीस कुठं गेलं?"

"कुठं गेलं नाही. ते नक्कल ठेवतंय. म्हणून मोजणीत निम्मंच दिसतं."

"आत हाय पन दिसत न्हाई," आण्णा म्हणाले. "मागच्या सेक्रेटरीनं सिमेंटचं बी असंच सांगितलं व्हतं."

मग मी झाकण उघडून दाखवलं. इथं माझी चूक झाली. बोट ठेवून म्हणालो, "ह्या एक आणि दोन नंबर कामाच्या. ह्या तीन आणि चार नंबर नकलेच्या." सर्व्हरला दोन्ही वाड्यांनी सारखी लोकवर्गणी दिली होती. चार रॅम, दोन वाड्या. हिशोब मी मांडायच्या आतच खोलीत झाला होता.

"पहिल्या दोन आमच्या," आण्णा म्हणाले. "जत्रंत पहिली काठी वरच्या वाडीची असती. हितं बी तसंच."

धनाजीराव खुर्चीतून उठले. "म्हंजी आमच्या वाडीनं जन्मभर वरच्या वाडीची नक्कल करायची?"

"भाऊ, रॅमला वाडी नसते. ती बाहेरच्या देशात तयार होते," मी म्हणालो.

"जल्मली कुठं बी असू दे. बसलीया कुठं ते बग."

यावर तीन मीटिंगा झाल्या. एका मीटिंगमध्ये असा ठराव आला की रॅमनाही पाळी लावावी, दर महिन्याला जागा बदलाव्या, म्हणजे कुणावर अन्याय नको. मी सांगितलं की दर वेळी सर्व्हर बंद करावा लागेल आणि सगळ्यांचं पाणी थांबेल. ठराव बारगळला, पण धनाजीरावांचा राग तसाच राहिला. रस्त्यात कुणी भेटलं की ते विचारायचे, "काय म्हंतीया आमची नक्कल?"

खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. नांगर, कोयता, ट्रॅक्टर, आणि आता सर्व्हर. मी बाहेरच्या पेटीला हळदीकुंकू लावून हार घातला होता. आण्णा आले आणि म्हणाले, "झाकण काढ."

"आण्णा, आत नको."

"नांगर पुजताना आपण त्याच्यावरचं गोणपाट पुजतो का?"

मी सर्व्हर बंद केला आणि झाकण काढलं. आण्णांनी कुंकू पाण्यात कालवलं आणि आपल्या वाडीच्या दोन रॅमना ठसठशीत बोटं ओढली, मान जास्त म्हणून दोन-दोनदा. धनाजीरावांच्या वाडीच्या दोघींना तांदळाचे चार दाणे मिळाले. त्यावरून पुन्हा बाचाबाची झाली. नंतर मी बसून पुसायचं तेवढं पुसलं, पण ओलं कुंकू फटीत शिरलं की ते देवाचंच होतं.

सर्व्हरने चार महिने तक्रार केली नाही. असं म्हणणं बरोबर नाही, केली, पण स्वतःच्या वहीत. या मेमरीची खोड अशी आहे की एखादा आकडा चुकला तर ती तो स्वतःच ओळखते, स्वतःच दुरुस्त करते आणि चूक झाल्याची नोंद ठेवते. आमच्या कमिटीत अकरा संचालक आहेत. मी सगळ्यांना जवळून ओळखतो. असा एकही नाही.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी सर्व्हरच्या कपाळावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. स्क्रीनवर आलं: दोन नंबरची रॅम बाद, चार नंबरने काम हाती घेतले. बाहेर बावीस नंबरच्या व्हॉल्व्हमधून पाणी चाललं होतं. ते चालतच राहिलं. कुणाला काही कळलं नाही, अगदी मॅडम म्हणाल्या होत्या तसं. मी त्यांना फोन लावला.

"बरोबर झालं," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठीच तसं लावलं होतं. पण आता तिच्यामागं कुणी नाही. ही चार नंबरची गेली की सगळं बंद. तिला कुणी हात लावायचा नाही. मी गुरुवारी नवी जोडी घेऊन येते. त्याच मापाची, त्याच बनावटीची लागते, दुसरी चालत नाही."

मी कमिटीला खरं काय ते सांगितलं. माझी ही दुसरी चूक.

"कुणाची गेली?" धनाजीरावांनी विचारलं.

"दोन नंबर."

"म्हंजी वरच्या वाडीची. आनि काम कोन करतंय?"

"चार नंबर."

 धनाजीरावांनी नुसता टॉवेल खांद्यावरून काढला, झटकला आणि परत ठेवला. माणूस तालुक्याची निवडणूक जिंकून आल्यासारखा दिसत होता.

संध्याकाळपर्यंत खालच्या वाडीच्या ग्रुपवर चार नंबरच्या रॅमचा फोटो फिरला. तो कुणी काढला मला माहीत नाही, पण मागं माझी पाण्याची बाटली दिसते. मंगळवारी मारुतीच्या देवळापुढं फ्लेक्स लागला. मधे रॅम, खाली शुभेच्छुक म्हणून अठरा चेहरे, प्रत्येकाच्या डोळ्यावर काळा गॉगल. वर मोठ्या अक्षरांत: 'संकटकाळी धावून आलेली खालच्या वाडीची शान'. वाडीतल्या बारावीत पहिल्या आलेल्या मुलीचा फ्लेक्स उतरवून त्याच बांबूंवर हा चढवला होता.

आण्णांनी दोन दिवस ऑफिसात पाऊल टाकलं नाही. फोनवर एवढंच म्हणाले, "आमची काम करून गेली. त्यांची बसून खात व्हती म्हून टिकली."

बुधवारी रतनकाकी आल्या. त्या ऑफिसात खुर्चीवर बसत नाहीत, उंबऱ्यावर बसतात, म्हणजे ऊठ म्हणायची सोय कुणाला राहत नाही.

"सम्राट, लेका, उद्या अकराला माझी पाळी हाय न्हवं?"

"अकरा ते दोन, काकी."

"गहू चिकात आलाय. मागल्या पाळीला तुमचा पाइप फुटला व्हता. त्याच्या मागल्या पाळीला आण्णाच्या पुतण्याचं लगीन व्हतं, पानी मांडवात गेलं. आता हे चुकलं तर ओंबीत दाना भरायचा न्हाई, नुस्तं टरफल हातात." त्यांनी कमरेची पिशवी सोडून एक हिरवी ओंबी माझ्या टेबलावर ठेवली. "चिमटून बग."

मी दाणा चिमटला. पांढरा चीक आला, तोही थेंबभर.

"ते पिवळं काय पेटलंय?" काकींनी सर्व्हरकडं बोट केलं.

मी सांगितलं. एक गेली, दुसरी तिच्या जागी काम करतेय, तिच्यामागं कुणी नाही.

"मंजे माझ्यावानी," काकी म्हणाल्या. "मग तिला नीट जप की."

गुरुवारी सकाळी दहाला मी मॅडमना आणायला नसरापूरला निघालो. तिथून आमच्याकडं येणारी एसटी दुपारची होती. सर्व्हरच्या कपाटाची एक किल्ली माझ्याकडं आणि एक धनाजीरावांकडं असते, कारण संस्थेत कुठलीही किल्ली एकाच वाडीकडं ठेवत नाहीत. निघताना मी त्यांना बजावलं, "भाऊ, आज कपाट उघडायचं नाही. चार नंबरला हात लावायचा नाही."

"आमी कशाला हात लावतोय?" ते म्हणाले. "आमाला तिची किंमत हाय."

ते खरं बोलत होते. तेच तर भोवलं.

मॅडमना घेऊन परत आलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. ऑफिसात इतकी शांतता होती की युरियाच्या गोण्यांमागची पाल ऐकू येत होती. सर्व्हरचे पंखे थांबले होते. कपाट उघडं, झाकण बाजूला, आणि चार नंबरच्या जागी नुसती फट. फटीपुढं कुणीतरी उदबत्ती लावली होती.

देवळाकडून हलगी ऐकू आली.

आम्ही पळत गेलो. मारुतीपुढं मांडव होता. टेबलावर पांढरी चादर, त्यावर ताट, ताटात नारळ. सत्कारात शाल, श्रीफळ आणि फेटा लागतो. शाल रॅमवर घातली तर रॅम दिसेना, म्हणून ती घडी करून खाली अंथरली होती. फेटा रॅमला बसेना, म्हणून तो नारळाला बांधला होता आणि रॅम तुऱ्यात खोचली होती. वर गुलाल. धनाजीरावांच्या हातात माइक होता.

"ज्या दिवशी मोठ्या मोठ्यांनी माना टाकल्या," ते म्हणत होते, "त्या दिवशी आपली ही गरिबाची लेक उभी ऱ्हायली!"

टाळ्या. मॅडम गर्दीतून पुढं गेल्या.

"ही चालू मशीनमधून काढली?"

"व्हय मॅडम. सत्कारमूर्ती हजर नको का?"

"मशीन बंद करून तरी काढायची!"

"आनि बंद पाडून सत्कार केला असता," धनाजीरावांनी माइकवरूनच उत्तर दिलं, "तर वरची वाडी म्हणाली असती, रिकामटेकडीला हार घातला. चालू कामावरनं उठून आली, ह्यात तिचा मोठेपना हाय."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. त्या चार वर्षं इंजिनिअरिंग शिकल्या होत्या, पण या प्रश्नाला त्यात धडा नव्हता.

तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूने लोक आपोआप बाजूला झाले. रतनकाकी येत होत्या. खांद्यावर खोरं, पाय पोटरीपर्यंत चिखलाचे. चिखल फक्त पोटरीपर्यंत होता. आठच मिनिटं पाणी आलं होतं. सर्व्हर बंद पडला की व्हॉल्व्ह आपोआप मिटतात, धोका नको म्हणून.

"पानी थांबलं," काकी म्हणाल्या.

"बसा वैनी," धनाजीराव म्हणाले. "सत्कार झाला की बगू. चहा हाय."

काकींनी खोरं टेबलाला टेकवलं. नारळावरचा फेटा, तुऱ्यातली रॅम, दोन्ही एका हाताने उचललं, रॅम उपसून मॅडमच्या हातात दिली आणि फेटा धनाजीरावांच्या गळ्यात टाकला.

"हेला काय करायचं ते कर, बाय. माझी पाळी चालू हाय."

हलगीवाल्याला काय करावं कळेना, म्हणून त्याने वाजवायला सुरुवात केली.

ऑफिसात मॅडमनी रॅम उजेडात धरली. सोनेरी दातांमध्ये गुलाल गच्च बसला होता. "ही गेली," त्या म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून नवी जोडी काढली, चकचकीत पाकिटात, दोन्ही अगदी सारख्या. एवढ्यात दारात आण्णा उभे. बातमी वरच्या वाडीत पोचायला पाच मिनिटं लागतात, चांगली असेल तर दोन.

"थांबा," आण्णा म्हणाले. "आमच्या वाडीची काढनार. तिच्या जागी बसनार ती कुनाची?"

"आनि आमची बी काढनार," मागून धनाजीराव आले. गळ्यातला फेटा त्यांनी काढला नव्हता. "नव्या जोडीत बी आमचीच नक्कल निगाली तर? ह्याच्यावर मीटिंग लावा."

"मीटिंगला सात दिवसांची नोटीस लागती," आण्णा म्हणाले. संस्थेचा कायदा त्यांना पाठ होता. त्यांनीच केला होता.

काकी उंबऱ्यावर बसल्या होत्या. "ती नोटीस गव्हाला द्या," त्या म्हणाल्या. "सात दिस थांब म्हून. त्यानं सही केली तर म्या घरी जाते."

मॅडमनी मनगटाला तारेचा पट्टा बांधला आणि त्याचं दुसरं टोक कपाटाच्या लोखंडाला अडकवलं. अंगातली वीज रॅमला लागू नये म्हणून तसं करतात.

"हा गंडा कशाचा?" आण्णांनी विचारलं.

"तुम्ही मधे बोलू नये याचा," मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून: "हे बघा. ही जोडी अजून कंपनीच्या मालकीची आहे. मी फक्त चाचणीसाठी बसवतेय. चाचणी पूर्ण झाली की संस्थेच्या ताब्यात देईन. मग तुम्ही वाटून घ्या, पाळी लावा, लग्न लावा."

कंपनीची वस्तू कुठल्याच वाडीची नसते, म्हणून दोघं दारातून बाजूला झाले. मॅडमनी दोन आणि चार नंबरच्या जागा ब्रशने साफ केल्या. दोनच्या फटीतून खंडेनवमीचं कुंकू निघालं, चारच्या फटीतून उदबत्तीची राख. नव्या रॅम ठेवून त्यांनी दोन्ही टोकं दाबली. खट, खट. झाकण लागलं. पंखे फिरले. पडद्यावर मॅडमनी आधी काम आणि नक्कल अशी जोडी लावली, मग मेमरीची मोजणी सुरू झाली. आकडा चढत चढत बत्तीसवर थांबला.

"अजून बत्तीसच," आण्णा हळूच म्हणाले. पण या वेळी कुणी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

दिवा हिरवा झाला. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. काकी उठल्या. मी पाळ्यांची यादी उघडली.

एक्केचाळीस नंबरपुढं लिहून आलं होतं: पाळी मिळाली.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

मला माहीत होतं. संस्थेत एक जुना ठराव आहे. शेवटच्या शेतापर्यंत पाणी नीट पोचत नाही अशा तक्रारी फार येत, म्हणून आण्णांनी तो करून घेतला: व्हॉल्व्ह एकदा उघडला की पाळी मिळाली असे समजावे. अकराला व्हॉल्व्ह उघडला. आठ मिनिटांनी मिटला. ठरावाप्रमाणे काकींना पाणी मिळालं होतं. पुढची पाळी अकरा दिवसांनी.

"आण्णा, एवढं बदलू द्या," मी म्हणालो. "तुमची फक्त सही लागते."

आण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आज एकाचं बदललं की उद्या चाळीस जन येत्यात. ठराव म्हंजी ठराव."

मी धनाजीरावांकडं पाहिलं. सतरा वर्षांत त्यांनी आण्णांच्या एकाही वाक्याला हो म्हटलेलं नाही. एकदा आण्णा म्हणाले होते आज गुरुवार आहे, तर यांनी कॅलेंडर मागवलं होतं.

"ठराव तर हाय," धनाजीराव म्हणाले.

असं आमच्या संस्थेत पहिल्यांदा एकमत झालं.

काकी ओरडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, खोरं उचललं, आणि टेबलावर कालपासून पडलेली ओंबी पिशवीत टाकली. "बरं," एवढंच म्हणाल्या. ते 'बरं' मला अजून बसल्या बसल्या ऐकू येतं.

"थांबा, मावशी," मॅडम म्हणाल्या. मग आण्णांकडं वळून: "माझी चाचणी कुठं झालीय अजून?"

"दिवा हिरवा झाला की."

"दिवा काय, कुणीही हिरवा करतं. नवी मेमरी बसवली की एक व्हॉल्व्ह सलग तीन तास उघडा ठेवून बघावा लागतो. त्या वेळात दुसरा कुठलाच उघडत नाही. ही पाळी नाही, ही चाचणी. ठरावात चाचणीबद्दल काही आहे?"

आण्णांनी मनातल्या मनात सगळे ठराव चाळले. नव्हतं.

"मग एक नंबर घ्या," ते म्हणाले. एक नंबर त्यांचा स्वतःचा. "माझा कांदा सुकलाय."

"घेते की. पण सांगून ठेवते, चाचणीत मेमरी बिघडली तर तो व्हॉल्व्ह अडकून बसतो. एकदा एका ठिकाणी महिनाभर उघडला नव्हता."

हे ठिकाण कुठलं हे मी त्यांना नंतर विचारलं. मॅडम म्हणाल्या, आठवत नाही.

"माझा नगं," आण्णा म्हणाले. "धनाजीचा घ्या."

"आमच्यातला कशाला? आमची एक गेली हाय आज."

"मग असा व्हॉल्व्ह सांगा," मॅडम म्हणाल्या, "जो तुमच्यातलाही नाही आणि त्यांच्यातलाही नाही."

 आण्णांनी आधी काकींकडं पाहिलं, मग भिंतीकडं. "एक्केचाळीस आमच्यातला न्हवं," ते म्हणाले.

"आमच्यातला बी न्हवं," धनाजीराव म्हणाले.

"लिहून द्या," मॅडम म्हणाल्या. "दोघांच्या सह्या."

दोघांनी सह्या केल्या. धनाजीरावांनी आपली जरा मोठी केली. बारा पंचवीसला एक्केचाळीस नंबरचा व्हॉल्व्ह चाचणीसाठी उघडला.

मी काकींबरोबर शेतावर गेलो, कारण चाचणीला एक माणूस जागेवर लागतो असं मॅडमनी आण्णांना सांगितलं होतं. पाणी आलं ते आधी खाकरत, वारा ओकत, मग जाडजूड. काकी अनवाणी वाफ्यात उतरल्या. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं.  मी बांधावर उभा राहून बघत होतो, मला तेवढंच येत होतं. मधे मधे आण्णांचा फोन यायचा.

"बिगाडलं का?"

"नाही अजून, आण्णा."

"नीट बग. बिगाडलं तर लगेच कळीव."

सव्वातीनला मी मोजलं. अडीच वाफे कोरडे होते. तिथला गहू खालून पिवळा पडायला लागला होता, ओंब्या हलक्या, वाऱ्यावर नुसत्या डुलत होत्या. मी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, वेळ संपत आली. अडीच वाफे राहिलेत."

पलीकडं सर्व्हरचे पंखे ऐकू येत होते. मागून आण्णा काहीतरी विचारत होते.

"सम्राट, मला चाचणीत एक शंका आलीय," मॅडम मोठ्याने म्हणाल्या, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तास-दीड तास वाढवावा लागेल."

मी फोन खिशात ठेवला आणि काकींना सांगितलं. त्यांनी खोरं मारून पुढच्या वाफ्याचं तोंड फोडलं. पाणी आत वळलं, कोरड्या भेगांत गुडगुडलं आणि गव्हाच्या बुडातून पसरत गेलं.

साडेचारच्या सुमाराला शेवटचा वाफा निम्मा भरला होता. काकींनी कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि माझ्याकडं पाहिलं.

"फिटली का रं त्या पोरीची शंका?"

"अजून नाही म्हणतात."

"ऱ्हाऊ दे," काकी म्हणाल्या आणि पुन्हा खाली वाकल्या. "शिकल्याली हाय. तिला म्हणावं, घाई नगं करू."